सर, मॅडम, आठवड्यातला एक तास अनसीनला द्या

कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत बी.ए.ला इंग्रजी शिकवणाऱ्या सर्व प्राध्यापकांना आणि विभागप्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं बी.ए. इंग्रजी करणाऱ्या ज्या मुलामुलींना एम.ए.साठी केंद्रीय विद्यापीठात जायचं असतं, ती सीयूईटी-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या सामायिक परीक्षेच्या, पेपरात अडकतात. ती जिथं अडकतात ती जागा तुमच्या वर्गात दुरुस्त होऊ शकते, राजारामपुरीच्या कुठल्या गल्लीतल्या अ‍ॅकॅडमीत नाही. म्हणून हे पत्र अ‍ॅकॅडमीवाल्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

मी शिवाजी विद्यापीठाच्याच एका तालुक्याच्या कॉलेजात शिकलो, एम.ए.ला बाहेर गेलो आणि परत आलो. आता नोकरी सांभाळून संध्याकाळी तिसऱ्या वर्षाच्या काही पोरापोरींची तयारी करून घेतो. बोर्ड नाही, फी नाही, त्यामुळं जाहिरात करायचा प्रश्न नाही. पण रोज त्यांच्या वह्या बघतो, त्यांचं अडणं बघतो, आणि त्यातून जे दिसलं ते तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटतं.

परीक्षेची माहिती तुमच्यापैकी कित्येकांना असेलच, पण सगळ्यांना नाही हे अनुभवानं सांगतो. नॅशनल टेस्टिंग एजन्सी 2022 पासून ही परीक्षा घेते. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ अशा ठिकाणी एम.ए. इंग्रजीला जायचं तर हाच रस्ता. पेपर कॉम्प्युटरवर, 75 प्रश्न, 300 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा. 2023 पर्यंत त्यात सामान्य ज्ञान वगैरेंचा वेगळा भाग होता, 2024 पासून तो गेला आणि सगळा पेपर विषयाचाच झाला. वेळ तेव्हा 105 मिनिटं होता, 2025 ला 90 वर आला. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद, आणि त्यातच उतारा नाहीतर कविता वाचायची. साहित्याचा इतिहास, संज्ञा, समीक्षा हे सगळं असतंच. जोड्या लावा असतात, कालक्रम लावा असतात. यातलं बरंचसं आमची पोरं पाठ करून येतात आणि तिथं ती दिल्ली-मुंबईच्या पोरांना हार जात नाहीत. हार जाते ती आधी न वाचलेला मजकूर, म्हणजेच अनसीन, समोर आला की.

गारगोटीकडून एसटीनं येणारी एक मुलगी आहे. हुशार, अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी नाटककारांचे जन्म-मृत्यू तोंडावर. तिच्यासमोर मी सोळा ओळींची एक कविता ठेवली, नाव-गाव काढून. प्रश्न एवढाच होता: या कवितेत कोण कोणाशी बोलतंय? तिनं तीनदा वाचली, पेन खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, कवी कोण ते दिलं नाही. कवी सांगा, मग मी सांगते."

या वाक्यावर मी बराच विचार केलाय. तिचं म्हणणं तिच्या बाजूनं अगदी रास्त होतं. तीन वर्षं तिनं कविता अशाच ओळखल्यात. आधी कवीचं नाव, मग जन्मसाल, मग तो निसर्गकवी की आणखी कुठला, मग गाईडमधला सारांश, मग पाच ओळींचं "क्रिटिकल अ‍ॅप्रिसिएशन". कविता या रांगेत सगळ्यात शेवटी उभी असते आणि बऱ्याचदा तिचा नंबर लागायच्या आत तास संपतो. मी तिला म्हटलं, कवीला राहू दे. "मी" कुठं कुठं आलाय त्याला गोल कर, "तू"ला चौकोन कर, आणि क्रियापदाचा काळ कुठल्या ओळीत बदलतो तिथं रेघ मार. दहा मिनिटांत तिनं मान वर केली. "बाप आहे सर. पोरगं घर सोडून गेलंय, आणि हा त्याला मनातल्या मनात बोलतोय. समोर कोण नाहीच." उत्तर बरोबर होतं. ही अक्कल तिच्यात आधीपासून होती. ती वापरायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मराठीतून समजावण्याला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. मीही तेच करतो. चंदगड-आजऱ्याकडच्या, मराठी माध्यमातनं आलेल्या पोराला इंग्रजी कविता मराठीत उलगडून सांगितली तर त्यात कमीपणा कसला? अडचण अशी की उलगडायला मूळ पान उघडावं लागतं, आणि आपल्याकडं ते पानच उघडलं जात नाही. माझ्याच कॉलेजात नेमलेल्या कादंबरीच्या चार प्रती कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर असायचे. आम्ही सगळ्यांनी तो पेपर कादंबरी न बघता पास केला, चांगल्या मार्कांनी. विद्यापीठाच्या परीक्षेला ते चालून गेलं. सीयूईटीला नाही चालत.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. तुमच्यातले कित्येक जण सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं राबताय. जे कायम आहेत त्यांच्यामागं कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली आहेत. कंपल्सरी इंग्रजीच्या वर्गात शंभर डोकी, त्यातली निम्मी हजेरीपुरती आलेली. पोर्शन संपवायचा कधी आणि अनसीन घ्यायचं कधी, हा प्रश्न खराच आहे. म्हणून मी नवा विषय मागत नाही, जादा पेपर मागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या स्पेशल इंग्रजीच्या वर्गाला आठवड्यातला एक तास अनसीनला द्या, एवढंच मागतोय. तिथं पोरं मोजकी असतात, आणि खरंच इंग्रजीसाठी आलेली असतात.

हा तास कसा घ्यावा हे तुम्हाला शिकवणारा मी कोण? पण माझ्या खोलीत जे लागू पडलं ते सांगतो. एक पान मजकूर, लेखकाचं नाव काढून, झेरॉक्स करून. बारा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग पाच प्रश्न: बोलतंय कोण, सूर कसला आहे, न सांगता काय सुचवलंय, एखादा अलंकार, आणि शेवटचा एक फसवा. हा फसवा प्रश्न तुम्ही स्वतः तयार करा, कारण सगळी मेख त्यात आहे. अशा परीक्षेत चुकीचे पर्याय ठरावीक जातीचे असतात. एक, जो जगात खरा आहे पण उताऱ्यात कुठंच नाही. दुसरा, जो उताऱ्यातल्याच शब्दांनी बनवलाय पण अर्थ उलटा केलाय. तिसरा, जो एका वाक्याबद्दल खरा आहे आणि अख्ख्या उताऱ्यावर लादलाय. आमची पोरं पहिल्या जातीला हमखास बळी पडतात, कारण त्यांना माहिती भरपूर असते. उताऱ्यात रेल्वेबद्दल लिहिलंय म्हटल्यावर औद्योगिक क्रांतीचा पर्याय दिसला की बोट तिकडंच जातं. म्हणून बरोबर उत्तर सांगून तास संपवू नका. उरलेले तीन चूक का, हे पोरांनाच बोलायला लावा. पहिले तीन-चार आठवडे वर्गात स्मशानशांतता असेल. नंतर ती भांडायला लागतात.

"इंग्रजी सुधारायला इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा" हा सल्ला तर आता बंदच करावा असं मला वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावरचा अग्रलेख मराठीत दिला तरी ज्याला कळणार नाही, त्याला तो इंग्रजीत देऊन काय साधणार? दोन दिवसांत पेपर गादीखाली जातो आणि पोराला वाटतं आपल्यातच खोट आहे. माझ्याकडं पेठेतला एक पोरगा आहे, तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर, शाहू स्टेडियमवरची मॅच चुकवणार नाही. युरोपातल्या लीगचे सामने रात्री जागून बघणारा. त्याला सांगितलं, रात्री जी मॅच बघितलीस तिचा इंग्रजी वृत्तांत सकाळी मोबाईलवर वाच, घड्याळ लावून. काय घडलं ते त्याला आधीच ठाऊक, त्यामुळं नवा शब्द आला तरी तो थांबत नाही, अंदाजानं पुढं जातो. आणि न थांबता पुढं जाणं हीच तर 72 सेकंदांची गरज. तीन महिन्यांत त्याचा वाचनाचा वेग इतका वाढला की पुढं मी त्याला समीक्षेचे उतारे दिले तरी तो बिचकला नाही. ज्या गावात वर्ल्ड कपला गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात, तिथं पोरांना इंग्रजी वाचायला लावायचं साधन नाही असं कोण म्हणेल?

कालक्रमाचं तर आपल्या मातीतच काम होऊन जातं. इंग्रजी साहित्याचे कालखंड परके वाटतात कारण ती सालं कशालाच बांधलेली नसतात. मी ती घरच्या सालांना बांधतो. 1832 ला इंग्लंडात रिफॉर्म अ‍ॅक्ट झाला, त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत 'दर्पण' काढलं. 1880 ला राजाराम कॉलेज सुरू झालं, त्याच वर्षी कादंबरीकार जॉर्ज एलियट गेली. 1901 च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरिया वारली आणि एप्रिलमध्ये शाहू महाराजांनी इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. बोर्डिंगचं साल ठाऊक असलेलं पोरगं व्हिक्टोरियन काळ कधी संपला हे जन्मात विसरत नाही. अशा दहा-बारा खुंट्या ठोकल्या की बाकीची नावं त्यांच्या अलीकडं-पलीकडं लावता येतात. तारखांच्या याद्या पाठ करण्यातले कितीतरी तास वाचतात, आणि ते वाचनाला मिळतात.

निगेटिव्ह मार्किंगची भीती हा आणखी एक रोग. एक गुण जातो म्हणून पोरं वीस-वीस प्रश्न कोरे सोडून येतात. हिशोब फळ्यावर मांडून दाखवा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक लावला तर चारातून एकदा 4 मिळणार, तीनदा 1 जाणार, म्हणजे सरासरीनं प्रश्नामागं पाव गुणाचा फायदाच. दोन पर्याय चूक आहेत एवढं जरी कळलं तरी तोच फायदा दीड गुणावर जातो. दोन पर्याय खोडून प्रश्न सोडून देणं म्हणजे हातानं गुण टाकणं. हे गणित कुठल्याही गणिताच्या सरांना विचारा. पण इंग्रजीच्या पोरांना इंग्रजीच्या सरांनीच सांगायला हवं, एरवी ती ऐकत नाहीत.

मी या परीक्षेचा भाट नाही. साहित्याची जाण चार गोळ्यांतली एक काळी करून, आता क्लिक करून, मोजता येते असं मला वाटत नाही. ज्या मुलीनं त्या बापाची कविता उलगडली, तिनं चार ओळींत जे लिहून दाखवलं असतं ते कुठल्याच पर्यायात मावणारं नव्हतं. विद्यापीठांच्या स्वतःच्या लेखी परीक्षा गेल्या याचं मला वाईट वाटतं. पण परीक्षा बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही, आणि तोवर दरवर्षी एक बॅच निघून जाते.

आता तारखांबद्दल. इथं माझा राग आहे, आणि तो लपवत नाही.

गेल्या काही वर्षांत या परीक्षेचे फॉर्म डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी निघतात आणि फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. परीक्षा मार्चमध्ये. आणि आपल्या कॉलेजांत "पुढं काय?" हा विषय निघतो तो निरोप समारंभात. तोवर पेपर होऊन गेलेला असतो. दर उन्हाळ्यात मला फोन येतात, "सर, जेएनयूला अ‍ॅडमिशन कधी सुरू होणार?" त्यांना काय सांगायचं? शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी निकाल लागायच्या आधीच हा फॉर्म भरू शकतो, हेसुद्धा कित्येकांना माहीत नसतं. एका कॉलेजात नोटीस लागली होती म्हणे, पण ती लागली कॉमर्सच्या बोर्डावर.

दाखल्यांचं तर विचारूच नका. ओबीसी पोरांकडं राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला असतो. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो वेगळा कागद आहे, वेगळा मागावा लागतो, आणि सेतूमध्ये गेलं की तिथला माणूस "हाच चालतोय की" म्हणून परत पाठवतो. शिवाय राज्यातले सगळेच प्रवर्ग केंद्रात नसतात. एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग, केंद्रात नाही, मात्र अटीत बसत असेल तर त्याच मुलाला तिथं ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातून, अर्ज करता येतो. हे जानेवारीत कळून उपयोग नाही, दिवाळीच्या सुट्टीत कळायला हवं, म्हणजे पोरगं गावाकडं असतानाच तहसील कार्यालयाचा हेलपाटा मारून येतं. यासाठी कुठल्या बैठकीची गरज नाही की निधीची. त्या सुट्टीच्या आधी एक तास आणि फळ्यावर दहा ओळी पुरेत.

आणि "बाहेर झेपणार नाही तुला" हे वाक्य. प्रेमानं म्हणता हे मला माहीत आहे. पण बाहेर जाणं ही कोल्हापूरला नवी गोष्ट आहे का? राजाराम कॉलेजचे प्राचार्य असलेले विनायक कृष्ण गोकाक पुढं हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले. आज तिलाच इफ्लू, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, म्हणतात आणि आमच्या पोरांना तिचं नाव परग्रहावरचं वाटतं. त्याच्याही कितीतरी आधी, 1870 मध्ये, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते आणि रोजनिशी इंग्रजीत लिहीत होते. परतताना फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. वय अवघं विशीचं, म्हणजे आपल्या तिसऱ्या वर्षाच्या पोराएवढं. ती रोजनिशी 1872 ला लंडनमध्ये छापली गेली. अनसीनसाठी पहिला उतारा कुठला घ्यावा असा प्रश्न पडला तर तिथला घ्या. लेखकाचं नाव मात्र काढून टाका, आणि पोरांना विचारा, हा कोण असेल, कुठून आला असेल, कशावरून म्हणता? उत्तर कळल्यावर वर्गाचे चेहरे बघण्यासारखे होतात, हे मी बघितलंय.

राहता राहिलं गुणांचं. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपण सेमिनार आणि प्रोजेक्टला देतो. ते प्रोजेक्ट गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टवरून उतरवलेले असतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. त्या गुणांतला काही हिस्सा वर्गात, समोर बसून सोडवलेल्या अनसीनला देता आला तर कुणाचं काय बिघडेल? नव्या शैक्षणिक धोरणामुळं अभ्यासक्रम तसेही नव्यानं लिहिले जाताहेत. अभ्यास मंडळावर तुमच्यातलेच लोक आहेत. पुढच्या बैठकीत एवढा एक मुद्दा मांडावा, आणि तो मंजूर व्हायची वाट न बघता आपापल्या वर्गात तास सुरू करावा, अशी विनंती आहे.

माझ्याकडं उताऱ्यांची आणि प्रश्नांची एक जाडजूड फाईल जमलीय. फसव्या पर्यायांसकट. ज्या विभागाला हवी असेल त्यांनी निःसंकोच घ्यावी, झेरॉक्सचा खर्चसुद्धा मीच करीन. केंद्राच्या दाखल्याचा भरलेला नमुना त्यातच लावलाय. शनिवारी दुपारनंतर मला सवड असते. शिरोळपासून शाहूवाडीपर्यंत कुठल्याही कॉलेजात बोलावलं तर पहिला तास घेऊन दाखवायला येईन, अट एकच, तुम्ही मागच्या बाकावर बसायचं आणि पोरांबरोबर पाच प्रश्न सोडवायचे.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी
कोल्हापूर